चराच्या अलीकडची वाइन

माणसांची प्रतवारी लावणं असभ्य समजलं जातं. म्हणून सुधारलेले समाज जमिनीची प्रतवारी लावतात, आणि माणसं मग आपापली त्या जमिनीवर जाऊन उभी राहतात.

आमच्या मेदोकमध्ये, म्हणजे फ्रान्सात बोर्दोलगतच्या द्राक्षपट्ट्यात, हे काम एकदाच आणि कायमचं उरकलेलं आहे. पावणेदोनशे वर्षं होत आली, तेव्हाच्या बादशहाने पॅरिसला मोठं प्रदर्शन भरवलं आणि बोर्दोच्या दलालांना फर्मावलं की उत्तमोत्तम वाइनची यादी सादर करा. दलाल व्यवहारी होते. वाइन चाखत बसण्यात त्यांनी वेळ दवडला नाही. कोणाचा माल काय भावाने जातो एवढं पाहिलं, महाग ते वर आणि त्याहून स्वस्त ते खाली अशा पाच श्रेणी लावल्या आणि दलाल जेवायला गेले. त्यानंतर बादशाही गेली, एकामागून एक प्रजासत्ताकं आली, दोन महायुद्धं झाली, चलन बदललं. यादी तीच आहे. (एकदाच एक शातो, म्हणजे हवेली आणि तिची द्राक्षबाग, दुसऱ्या श्रेणीतून पहिल्या श्रेणीत गेला. तो विषय आमच्याकडे जेवताना काढत नाहीत.)

शातो मोंतेर्साक पाचव्या श्रेणीत मोडतो. पाचवी म्हणजे शेवटची, असा समज आकडेमोडीच्या सवयीमुळे होतो. पाचवी ही पहिल्या पाचांपैकी एक आहे, हे मी पाहुण्यांना सुरुवातीलाच समजावून देतो. तेच माझं काम. माझं नाव लुसियँ. शातोवर येणाऱ्या पाहुण्यांना बागा, तळघर आणि शेवटी दुकान दाखवायला मी नेमलेला आहे. शातो पूर्वी एका सरदार घराण्याचा होता, मग एका दोरखंडाच्या व्यापाऱ्याचा झाला, आणि सध्या तो पॅरिसच्या एका विमा कंपनीचा आहे. खानदान मात्र तेच, कारण ते मातीत असतं.

मोंतेर्साकच्या लाल वाइनचा मुख्य गुण म्हणजे नजाकत. नजाकत म्हणजे काय, असं विचारायचं नसतं. विचारणाऱ्याकडे ती नाही, एवढं त्या प्रश्नावरूनच कळतं.

शातोच्या बागेला लागून माझ्या मावशीच्या यजमानांची, आन्सेल्म लारुई काकांची, द्राक्षबाग होती. मधे एक चर होता. चर म्हणजे पावसाचं पाणी नदीकडे न्यायला खणलेला खड्डा, एक ढांग टाकली की ओलांडता येईल एवढा. चराच्या दोन्ही बाजूंना तेच गोटे, तेच वाण, तोच जिरोंद नदीवरून येणारा वारा. मावशीच्या कोंबड्या दिवसातून पुष्कळदा श्रेणी ओलांडून जात आणि संध्याकाळी काहीही न शिकता परत येत. मी एकदा हौसेने दोन्हीकडच्या बाटल्यांमागची वर्णनं ताडून पाहिली. चराच्या पलीकडे दर दहा वाक्यांत ‘नजाकत’ सातदा आणि ‘रेशीम’ पाचदा आढळलं. चराच्या अलीकडे ‘प्रामाणिक’ हा शब्द एकदा, आणि भाजलेल्या मांसाबरोबर घ्यावी अशी सूचना. प्रामाणिक हा शब्द आमच्या धंद्यात, ज्याच्याविषयी बोलण्यासारखं काही नाही, त्याच्यासाठी राखून ठेवलेला आहे.

काकांना याचं दुःख नव्हतं. उलट रोजच्या जेवणात त्यांना तोंडी लावायला ते पुरत असे.

“त्यांची वाइन म्हणजे इस्त्री केलेलं पाणी,” काका म्हणायचे. “बाटलीचं वजन जास्त, आतलीला चवच नाही.”

“तू कधी प्यायलास?” पिएरेत मावशी विचारायची.

“प्यायला कशाला हवी? त्यांच्या संचालकाचं तोंड बघ. रोज पिऊन माणूस असा दिसतो.”

मग सूप संपत आलं की काका त्या गरम वाडग्यात आपल्या बाटलीतली वाइन ओतायचे, वाडगा फिरवायचे आणि दोन्ही हातांनी तोंडाला लावायचे. याला शाब्रो म्हणतात. आमच्या आजोबांच्या पिढीत सगळेच करत. हल्ली शहरातली सून घरात असेल तर म्हातारे तिची पाठ वळेपर्यंत थांबतात. काका कुणासाठी थांबत नसत. मावशीही त्यांच्याबरोबर आपला वाडगा उचलायची. बागेची छाटणी सगळी तिच्या हातची. जानेवारीच्या कडाक्यात ती एकेका वेलीपाशी वाकून उभी असे, आणि दुपारच्या त्या वाडग्याने तिच्या बोटांत जीव येई.

पुढे काकांचे गुडघे गेले. मुलगी तुलूझला विमानं बनवणाऱ्या कारखान्यात लागलेली. तिला आकाशातलं सगळं कळे, वेलीतलं काही नाही. तेव्हा शातोचे संचालक गोंत्रान द्यूवेर्ज स्वतः जेवायला आले. मावशीने बदक रांधलं होतं. काकांनी आपली बाटली उघडली. द्यूवेर्ज यांनी एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि म्हणाले, “प्रामाणिक आहे.” काका म्हणाले, “तर. चोरीची नाही.” महिन्याभरात सौदा ठरला.

आता यातली कायदेशीर बाजू समजून घ्यायला हवी, कारण तिच्यात फार खोल विचार आहे. श्रेणी मिळालेली आहे ती शातोच्या नावाला. तेव्हा शातोने आपल्याच वाइन-विभागातली शेजारची जमीन विकत घेतली की त्या जमिनीलाही ती श्रेणी लागते. काकांच्या तुकड्याची माती अनेक पिढ्या साधी होती. नोटरीच्या कचेरीत कागदावर सही झाली आणि ती खानदानी झाली. नक्की कोणत्या क्षणी झाली, याबद्दल गावात दोन पक्ष आहेत. सहीची शाई वाळली तेव्हा, असं एक मत. पैसे जमा झाले तेव्हा, असं दुसरं. (पाद्रीबाबांनी या वादात पडायला नकार दिला. त्यांच्या मते असे, वाइनचं ख्रिस्ताचं रक्त होण्यासारखे, बदल घडवण्याचा परवाना फक्त त्यांच्याकडे आहे.) पुढच्या आठवड्यात एक यंत्र आलं आणि त्याने चर बुजवला. मावशी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती.

“पाणी कुठून जाणार आता?” ती म्हणाली.

“शातोचं पाणी आहे ते आता,” काका म्हणाले. “त्याला वळण असतं.”

ते तेव्हा थट्टेनेच म्हणाले होते, असं मला वाटतं.

पहिल्या तोडणीची वाइन द्यूवेर्ज यांनी वेगळ्या पिंपात ठेवली होती. पिंपात चांगली मुरल्यावर तिच्या चाखणीचा दिवस ठरला आणि सौजन्य म्हणून काकांना बोलावणं गेलं. काका अंत्ययात्रांना घालायचा काळा सूट घालून आले. तळघरात आम्ही मोजकीच माणसं होतो. बोर्दोहून आलेल्या सल्लागारांनी पेला फिरवला, हुंगला, घोट तोंडात घोळवून थुंकला आणि बराच वेळ भिंतीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “लेस. ओल्या दगडावर वाळत घातलेली लेस.” द्यूवेर्ज यांनी समाधानाने मान हलवली. मीही चाखली. मला ती काकांच्या वाइनसारखी लागत होती. पण मी आस्थापनेवरचा माणूस. माझ्या जिभेचा पगार शातो देतो, म्हणून मी तिला तसं लागू दिलं नाही.

मग सगळे काकांकडे पाहू लागले. मला धास्ती वाटली. हा माणूस आता खोकणार आणि ‘ही तर माझीच’ म्हणणार, आणि लेस दगडावरून घसरणार. काकांनी पेला नाकाशी नेला. घोट घेतला. डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यांत पाणी होतं.

“माझ्याकडून ही कधी झाली नाही,” ते म्हणाले.

“वेली तुमच्याच आहेत, मोस्यू लारुई,” द्यूवेर्ज मोठ्या मनाने म्हणाले.

“वेली माझ्या होत्या. मला त्या समजल्या नाहीत.”

यात ढोंग नव्हतं, आणि तेच कठीण होतं. ढोंगी माणूस घरी गेल्यावर सूट काढतो.

काकांनी सूट काढला, पण घर बदलायला घेतलं. पहिल्यांदा पेले गेले. जाड बुडाचे पेले जाऊन लांब दांडीचे, मोठ्या पोटाचे पेले आले, जे मावशीच्या कपाटात मावेनात. मग शाब्रो बंद झालं. सूपमध्ये वाइन ओतणं म्हणजे जनावरांचं काम, असं काका एका दुपारी म्हणाले. मावशीचा वाडगा तेव्हा अर्ध्या वाटेत होता. तिने तो तसाच पिऊन टाकला. शेवटी काकांनी तळघरातल्या आपल्या जुन्या बाटल्या वर आणल्या आणि एकेक करून सिरक्याच्या पिंपात ओतायला सुरुवात केली.

“त्यातली एक त्या वर्षाची आहे,” मावशी म्हणाली, “गारपिटीनंतर आपण दोघांनी गुडघ्यावर बसून घड वेचले होते ना, ते वर्ष.”

“म्हणूनच,” काका म्हणाले. “लाज वाटते.”

संध्याकाळी मी गेलो तेव्हा मावशी मला म्हणाली, “लुसियँ, तू त्या लोकांत वावरतोस, मला सांग. ती आता इतकी चांगली आहे, तर मी इतकी वर्षं काय छाटत होते?”

मी तिला सांगितलं की जमिनीचं महत्त्व ओळखायला एक विशिष्ट संस्थात्मक दृष्टी लागते. ती म्हणाली, “सूप घेणार का?”

काही बाटल्या तिने आधीच कपड्यांच्या कपाटात लपवल्या होत्या. शातोकडून काकांना दरवर्षी थोड्या बाटल्या मिळायच्या असा करार होता; त्यातल्या एका रिकाम्या बाटलीत तिने आपली जुनी वाइन भरली, बूच ठोकलं आणि रविवारी जेवणाला मांडली. मी होतो. काकांनी ती मोठ्या पेल्यात ओतली, प्रकाशात धरली, चाखली, आणि मला म्हणाले, “बघ. मागचा स्वाद बघ. घशाशी जाऊन परत येतो. हे आमच्या काळात नव्हतं.”

“आन्सेल्म,” मावशी म्हणाली, “ती आपलीच आहे. गारपिटीच्या वर्षाची. मी भरली.”

काकांनी पेला ठेवला. त्यांचा चेहरा लाल झाला, मग उतरला. मला वाटलं, संपलं. पण त्यांनी पुन्हा एक घोट घेतला, विचार केला, आणि शांतपणे म्हणाले, “असेल. पण बाटली कोणाची आहे? ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला.”

(या मताला मी तेव्हा मनातल्या मनात दाद दिली. आमच्या श्रेणीव्यवस्थेचं इतकं नेमकं विवरण मी माझ्या प्रशिक्षणातही ऐकलं नव्हतं.)

मावशीने ताटल्या गोळा केल्या. पाठमोरी होऊन म्हणाली, “चाळीस वर्षं तू माझ्याशेजारी बांधलेला होतास. तुला कसा काही लागला नाही?”

काका उठून बाहेर गेले. रागावले की ते नेहमी चरापर्यंत जाऊन परत यायचे. आता चरच नसल्याने कुठे थांबायचं ते त्यांना कळलं नसावं, कारण ते बरेच लांब चालत गेले, आणि परत आले तेव्हा लंगडत होते.

एखाद्याच्या घरातली बेबनावाची गोष्ट बाहेर सांगू नये. मी ती द्यूवेर्ज यांना सांगितली, कारण ते वरिष्ठ आहेत. ते हसले नाहीत. म्हणाले, “हे पाहुण्यांना सांगता येईल.” तेव्हापासून आमच्या फेरीत एक थांबा वाढला. बुजवलेल्या चराच्या जागी एक बाक ठेवला गेला आणि तिथे काका बसू लागले. पाहुणे आले की ते उठून टोपी काढत आणि सांगत, “आयुष्यभर मी या मातीत उभा होतो आणि माझ्या पायाखाली काय आहे ते मला माहीत नव्हतं.” बायका रुमाल काढत. पुरुष मातीचा फोटो घेत. त्या थांब्यानंतर दुकानात होणारी विक्री वाढली, हे मी अभिमानाने नमूद करतो. काका बदलले होते. आवाज मऊ झाला होता, आणि कोणी विचारलं तर ते पावसाबद्दलही नजाकतीने बोलत.

मावशी त्या बाकाकडे फिरकली नाही. घरामागे, कोंबड्यांच्या खुराड्याला लागून वेलींच्या थोड्या ओळी होत्या. परसातल्या, म्हणून त्या घराबरोबर राहिल्या. सौद्यात कुणी त्यांची चौकशीही केली नव्हती. मावशीने त्या छाटल्या, बांधल्या, आणि सप्टेंबरात घड तोडून धुण्याच्या जुन्या हौदात तुडवले. काकांनी मदत केली नाही, अडवलंही नाही. एकाच टेबलावर दोन निरनिराळ्या बाटल्या ठेवून दोघं जेवत, आणि मीठ हवं असलं तर मागत. वाइन काही चांगली झाली नाही. त्या वर्षी ऊन कमी होतं, आणि सावली खुराड्याची. मी चाखली, आणि या बाबतीत माझी जीभ कुणाच्या पगारावर नसल्याने सांगतो, ती आंबट होती. मावशीलाही माहीत होतं. ती सरळ सूपमध्ये ओतायची.

मग एक दिवस लिओंहून आलेल्या एक दंतवैद्य बाई फेरीतून मागे राहिल्या. मी काकांच्या थांब्यावर त्यांच्या बायकोचाही ओझरता उल्लेख करत असे. तेवढ्यावरून बाईंनी घर शोधून काढलं. मावशीने माणूस दारात आला म्हणून आत बसवलं, सूप वाढलं, आणि पेल्यात थोडी वाइन दिली. बाईंनी घोट घेतला आणि डोळे मिटले.

“किती प्रामाणिक आहे,” त्या म्हणाल्या.

“आंबट आहे,” मावशी म्हणाली.

“तेच म्हणते मी.”

“बाई, मी ती सूपमध्ये घालते. दातांना चांगली नाही, तुम्हाला तर कळायला हवं.”

“मला दोन बाटल्या द्याल का?”

मावशीने दिल्या, पैसे न घेता, बाई एकदाच्या जाऊ देत म्हणून. पुढच्या आठवड्यात चौघं आली. त्यांच्यात एक वास्तुविशारद होता. त्याने बाटलीवर लेबल नाही हे पाहून आपल्या बायकोला कोपराने ढोसलं. मग गाड्या येऊ लागल्या. लोक खुराड्यापाशी उभे राहून हलक्या आवाजात बोलत. त्यांना टाळावं म्हणून मावशीने शातोच्या वाइनहून चढा भाव सांगितला. त्या दिवसापासून लोक तिच्याशी अधिक अदबीने वागू लागले, आणि एकाने तिला विचारलं की हा आंबटपणा ती कशी साधते. काकांच्या बाकाजवळून पाहुणे आता सरळ तिकडे वळत. काकांचं बोलणं अर्ध्यावर राहू लागलं. टोपी काढावी तर समोर पाठ.

अशाच एका रविवारी काका बाकावरून लवकर घरी आले. मीही होतो. त्यांनी लांब दांडीचा पेला बाजूला सारला आणि वाडगा संपवत आणला. मग म्हणाले, “पिएरेत, तुझ्यातली थोडी दे.”

“आधी तळाचा कोबी संपव,” मावशी म्हणाली.

त्यांनी कोबी संपवला. तिने ओतली. काकांनी वाडगा फिरवला, दोन्ही हातांनी उचलला आणि एका दमात रिकामा केला. मिशा पुसल्या.

“आंबट आहे,” ते म्हणाले.

“हो,” मावशी म्हणाली.

फार दिवसांनी दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं. मावशीने त्यांच्या वाडग्यात आणखी थोडी ओतली, मग आपल्या. खिडकीबाहेर कुणीतरी गाडी लावत होतं. दोघांपैकी कोणी उठलं नाही, म्हणून मी दार उघडायला गेलो.

द्यूवेर्ज दूरदृष्टीचे आहेत. त्यांनी मावशीशी भांडण केलं नाही; तिच्या वाइनच्या मागणीची नोंद आता शातोच्या दुकानातच घेतली जाते आणि ती मी घेतो. या अनुभवावरून काही निष्कर्ष हाती आले आहेत. ही हकीकत ऐकून पाहुणे काकांना हसतात. यादी करणाऱ्या दलालांना हसतात, लेसला तर हमखास हसतात. मावशीच्या त्या चाळीस वर्षांच्या बोलण्यापाशी गप्प होतात. आणि शेवटी नजाकतवाली कुणीही मागत नाही. आम्ही नावाला भुलणाऱ्यांतले नाही, असं म्हणून सगळे खुराड्यामागचीच मागतात. तुमचाही कौल तिकडेच असणार, हे मी मघापासून ओळखून आहे. नाव लिहून घेतो. नावाला न भुलणाऱ्यांची संख्या फार असल्याने दोन हंगाम थांबावं लागेल, रक्कम आगाऊ भरायची. आधी चाखून पाहायची सोय नाही. आजवर ती कुणी मागितलेलीही नाही.